गॅसचा रेग्युलेटर उघडून बघतोय – प्रकल्प नोंदी

१६ जून २०२४, रविवार

सुरुवात कशी झाली ते आधी लिहून ठेवतो. सिलेंडर संपला होता, नवीन लावत होतो आणि लेक शेजारी उभी. तिनं रेग्युलेटरच्या टोपीवरच्या त्या बारीक भोकावर बोट ठेवलं आणि विचारलं, बाबा हे भोक कशाला, यातून गॅस बाहेर नाही का येत. मी म्हणलं हवेसाठी असतं. ती म्हणाली पण आत गॅस आहे मग हवा कशाला. बरोबर प्रश्न आहे. शाळेत आठवी-नववीला विज्ञान शिकवतो, दाबाचा धडा दरवर्षी घेतो, पण या भोकाचं उत्तर मला नीट देता आलं नाही आणि ते दिवसभर डोक्यातनं गेलं नाही.

तर ठरवलंय की एक रेग्युलेटर कापायचा, एक चालू ठेवायचा आणि चालू असलेला फळीवर बसवून मुलांना दाखवता येईल असं मॉडेल करायचं. एक गोष्ट पहिल्यांदाच ठरवून टाकली, गॅस अजिबात वापरायचा नाही, फक्त कॉम्प्रेसरची हवा. आणि जो रेग्युलेटर एकदा फळीवर गेला तो परत कधीही सिलेंडरवर जाणार नाही, त्यावर लाल पेंटनं फुली मारून ठेवणार.

जागा मेव्हण्याच्या फॅब्रिकेशनच्या शॉपमध्ये, कराडजवळ ओगलेवाडीला. तिथं कॉम्प्रेसर आहे, लेथ आहे आणि मुख्य म्हणजे मेव्हणा आहे.

२२ जून, शनिवार

भंगारवाल्याकडनं दोन जुने रेग्युलेटर मिळाले. एक बरा आहे. दुसऱ्याच्या टोपीवरचं भोक मातीनं पार बुजलेलं, कुंभारीण माशीनं घर केलेलं आणि ते वाळून दगड झालेलं. बहुतेक कुणाच्या तरी परसात उघड्यावर सिलेंडर असणार. माती काढली नाही, तसाच ठेवलाय.

शाळेच्या स्टोअरमध्ये तिसराही एक पडलेला मिळाला, तो कापायला घेतला. बॉडी डाय-कास्ट, कड दाबून बसवलेली, स्क्रू वगैरे काही नाही, म्हणजे उघडायचा तर हॅकसॉच. मेव्हण्यानं व्हाइसमध्ये धरून मधोमध चिरला. अर्धा तास गेला पण कट सुंदर आला.

आत काय आहे: वरच्या टोपीखाली एक स्प्रिंग, तिच्याखाली रबराचा पातळ पडदा म्हणजे डायाफ्राम, त्याच्या मध्यभागी पत्र्याची चकती. पडद्याच्या खाली गॅसची खोली. चकतीला एक छोटा लिव्हर अडकवलेला, लिव्हरच्या दुसऱ्या टोकाला रबरी पॅड, आणि पॅडसमोर पितळेचं बारीक भोक, ज्यातनं सिलेंडरचा गॅस येतो. बस, एवढंच. मला वाटलं होतं आत बरंच काही असेल.

पॅडवर गोल वण पडलेला दिसतोय, भोकाच्या कडेचा, वर्षानुवर्ष तिथंच टेकून टेकून. नखानं हात फिरवला की खाच लागते. तो वण लेकीला भिंगातून दाखवला, ती बराच वेळ बघत बसली.

व्हर्निअरनं मापं घेतली. पडद्याचा काम करणारा व्यास ५० मिमी धरला, भोक २ मिमी, लिव्हरचं प्रमाण साधारण १ ला ४.

३० जून, रविवार

आज फळी उभी केली. सिलेंडरच्या तोंडासारखा २२ मिमीचा पितळी निपल लेथवर काढला, कारण खरा सिलेंडर व्हॉल्व्ह आणायचा नव्हता. रेग्युलेटरच्या काळ्या कॉलरमध्ये स्टीलच्या बारीक गोळ्या असतात, कॉलर वर उचलली की त्या मोकळ्या होतात, खाली सोडली की खाचेत जाऊन बसतात आणि टक आवाज येतो. आमची खाच पहिल्यांदा उथळ झाली, रेग्युलेटर हवेच्या दाबानं वर उडी मारत होता, परत टूल लावून खोल केली.

नॉबबद्दल एक सांगायचं राहिलं. नॉब ऑन केला की खालून एक पिन उतरते आणि ती सिलेंडरच्या स्वतःच्या व्हॉल्व्हचा दांडा दाबते, तो स्प्रिंगवर बंद असतो तो उघडतो. रेग्युलेटर काढला की तो आपला आपण बंद. म्हणजे नॉब फक्त उघड-बंदसाठी. पुष्कळ घरांत नॉब अर्धा फिरवून गॅस वाचवतो असं समजतात, आमच्या आईचाही तोच समज होता, पण आच कमी-जास्त करायचं काम शेगडीच्या नॉबचं, दाब ठरवायचं काम त्या पडद्याचं, आणि हा नॉब त्या दोन्हीत नाही.

जोडणी अशी: कॉम्प्रेसर ८ किलोचा (म्हणजे दर चौरस सेंटीमीटरला ८ किलो दाब, पुढंही किलो असाच धरायचा), मग एफआरएल युनिट म्हणजे आत किती दाब द्यायचा ते ठरवता येतं, मग पीयू पाइप, मग आपला रेग्युलेटर, पुढं एक टी आणि दोन बॉल व्हॉल्व्ह, प्रत्येकाच्या पुढं जुन्या शेगडीचा जेट, म्हणजे गॅस सोडणारी बारीक भोकाची तोटी. हे दोन आपले बर्नर. टी वरून एक फांदी दाब मोजायला.

दाब मोजायला गेज विकत आणणार होतो पण गरजच नाही. घरच्या गॅसचा दाब ठरलेला आहे, ३० ग्रॅम दर चौरस सेंटीमीटर, म्हणजे बरोबर ३०० मिमी पाण्याचा स्तंभ. गवंड्याचा लेव्हल पाइप आणला, यू आकारात फळीवर ठोकला, लाल शाई घातलेलं पाणी भरलं, शेजारी पट्टी. दोन बाजूंच्या पाण्यात ३० सेमीचा फरक म्हणजे घरातला गॅसचा दाब. एवढ्या कमी दाबावर पुरणपोळीपासून सगळं होतं, आणि बाटलीत मात्र कित्येक किलोचा दाब बसलेला असतो. नुसता प्रोपेन असता तर ३० अंशाला १० किलोच्या आसपास, नुसता ब्यूटेन असता तर २ च्या आत, आपल्या बाटलीत दोघांचं मिश्रण म्हणून मधे कुठंतरी.

टेफ्लॉन टेप दोन ठिकाणी कमी पडली, साबणाच्या पाण्याचे बुडबुडे आले. उद्या.

७ जुलै, रविवार

सकाळी पाऊस, शॉपमध्ये कुणी नाही, निवांत काम झालं.

आधी रेग्युलेटर न लावता साधा नीडल व्हॉल्व्ह लावला. मुद्दाम. कारण मुलांच्या (आणि माझ्याही) मनात असंच असतं की रेग्युलेटर म्हणजे बारीक केलेला नळ, वाट अरुंद केली की दाब कमी. मागं ३ किलो हवा, दोन्ही जेट उघडे ठेवून नीडल व्हॉल्व्ह इतका पिळला की फरक बरोबर ३०० आला. बघा म्हणलं, जमलं की. मग एक जेट बंद केला आणि पाणी पाइपच्या तोंडातनं उसळून थेट भिंतीवर. शर्ट लाल.

नंतर चहा पीत हिशोब केला तेव्हा कळलं असंच व्हायला हवं होतं. हवा एखाद्या बारीक भोकातनं जाताना पुढचा दाब मागच्या दाबाच्या (वातावरण धरून) निम्म्याच्या आसपास किंवा खाली असला की त्या भोकात हवेला आवाजाचा वेग येतो आणि त्याच्या वर ती जात नाही. मग पुढं काय चाललंय याचा त्या भोकाला पत्ताच लागत नाही, ते मागच्या दाबाप्रमाणे तेवढीच हवा सोडत राहतं. दोन जेटमधनं जाणारी हवा एकातनं जायची म्हणजे वेग दुप्पट, आणि दुप्पट वेगाला दाब चौपट लागतो, म्हणजे ३०० चे १२००. आमचा पाइप ६०० पर्यंतच होता. आणि दुसराही जेट बंद केला असता तर दाब चढत चढत मागच्या ३ किलोला जाऊन भिडला असता, म्हणजे ३० मीटर पाणी. घरात दोन्ही बर्नर बंद करतो तेव्हा शेगडीच्या रबरी नळीत हे होत नाही ते का, तर तो पडदा आहे म्हणून.

पाइप बदलून दोन मीटर उंचीचा केला, सात फुटी फळी आणली. मग रेग्युलेटर लावला. दोन्ही जेट चालू २९६, एक बंद ३०५, दोन्ही बंद ३३८. आणि ३३८ ला पाणी थांबलं ते थांबलंच, पाच मिनिटं घड्याळ लावून बघितलं, हललं नाही.

चालू असताना दाब थोडा पडतो कारण पॅड लांब जायला पडदा खाली यावा लागतो, स्प्रिंग सैल होते, तिचा जोर कमी होतो. बंद असताना थोडा चढतो कारण पॅड भोकावर दाबून बसवायला जास्तीचा जोर हवा. त्या रबरावरचा वण इथंच पडतो.

१३ जुलै, शनिवार

आजचा दिवस माझ्या मते सगळ्यात चांगला.

आधी कागदावर. पडद्याचं क्षेत्रफळ १९.६ चौरस सेमी, त्यावर ३० ग्रॅमचा दाब म्हणजे ५८९ ग्रॅम वरच्या दिशेनं. हा जोर लिव्हरमार्फत पॅड बंद करायला बघतो. उघडायला बघणारे दोघं, एक स्प्रिंग आणि दुसरा भोकातनं पॅडला ढकलणारा सिलेंडरचा दाब. २ मिमी भोकाचं क्षेत्रफळ ०.०३१४, त्यावर ५ किलो म्हणजे १५७ ग्रॅम, लिव्हरनं भागिले चार, ३९ ग्रॅम. म्हणजे स्प्रिंग ५५० च्या आसपास. वाण्याच्या जुन्या तराजूसारखं झालं हे, एका पारड्यात शेगडीकडं जाणारा गॅस, दुसऱ्यात स्प्रिंग आणि तिच्यासोबत सिलेंडरचा हा छोटासा हात. ५ किलोच्या दाबाला ३९ ग्रॅमचा करून टाकलाय, लहान भोक, मोठा पडदा आणि लिव्हर या तिघांनी मिळून. सुरेख डिझाइन आहे, खरंच.

आता सिलेंडरचा दाब ५ वरून २ वर आला तर? ३९ चे १६ होतील, २३ ग्रॅम कमी, भागिले १९.६, म्हणजे १.२ ग्रॅम, म्हणजे पाण्यात १२ मिमी खाली. हे फळ्यावर लिहून मग एफआरएल ५ वरून २ वर आणला. एक जेट चालू होता, ३०५ वरून २९० वर आला. १५ मिमी. माझी मापं हातची आहेत, १२ ला १५ आले म्हणजे मी खूश. घरात आपल्याला कधी कळतच नाही की बाटलीतला दाब बदलतोय (प्रोपेन आधी उडतो म्हणून तो हळूहळू उतरत जातो), ज्योत तशीच.

मेव्हणा हे सगळं ऐकत होता, तो म्हणाला दाजी, आमच्या ऑक्सिजनच्या रेग्युलेटरला उलटं होतंय. बाटली संपत आली की कटिंगचा दाब वर जातो, टी-हँडल मागं घ्यावं लागतं. मला आधी पटलं नाही. खोलीत तीच हवा, तोच पडदा, तीच स्प्रिंग, मग उलटं कसं. त्यानं एक बिघडलेला उघडून दाखवला आणि तिथं उत्तर होतं. ऑक्सिजनच्या रेग्युलेटरमध्ये पॅड भोकाच्या पलीकडच्या बाजूला आहे, बाटलीच्या दाबात, आणि बाटलीचा दाब त्याला भोकावर दाबून बंद करायला बघतो. बाटली भरलेली असते तेव्हा १५० किलो, तो जोर बाटली रिकामी होत जाते तसा कमी होतो, बंद करणारा हात ढिला पडला म्हणजे पुढचा दाब चढणार. आपल्या स्वयंपाकघरातल्यात तोच हात उघडणाऱ्याच्या बाजूला आहे म्हणून दाब उतरतो. पॅड भोकाच्या अलीकडं की पलीकडं, एवढ्यानंच सगळं फिरतं.

त्यानं वीस वर्षं हे हाताला कळून केलंय, बाटलीकडं न बघता टी-हँडल किती मागं घ्यायचं ते त्याला माहीत आहे. मी कारण सांगितल्यावर तो म्हणाला म्हणूनच ते महागडे टू-स्टेज असतात होय. बरोबर. पहिला टप्पा १५० वरून एका मधल्या ठरावीक दाबावर आणतो, दुसऱ्याला बाटली दिसतच नाही, त्याला फक्त तो मधला दाब दिसतो, म्हणून हलत नाही.

२१ जुलै, रविवार

आता भोक. ज्यासाठी सगळा खटाटोप.

पडद्याच्या वरच्या बाजूला त्या भोकातनं बाहेरची हवा येते. म्हणजे पडदा गॅसची तुलना नुसत्या स्प्रिंगशी करत नाही, बाहेरच्या हवेचा दाब अधिक स्प्रिंग असं करतो. आणि ज्योत जळते तीही त्याच हवेत, जेटच्या पुढं तीच हवा आहे, त्यामुळं जेटला मिळणारा फरक नेहमी तेवढाच. महाबळेश्वरला हवा विरळ असली तरी रेग्युलेटर तिथल्या हवेच्या वर ३०० मिमीच देणार.

पडदा खालीवर झाला की त्या भोकातनं हवा आतबाहेर जाते. पण मग भोक एवढं बारीक का? मोठं केलं तर काय बिघडलं? करून बघितलं, चांगल्या रेग्युलेटरच्या टोपीला ६ मिमीचं भोक पाडलं (पडद्याला ड्रिल लागू नये म्हणून बिटावर टेपचा गुंडाळा). जेट पटकन बंद-चालू केला आणि रेग्युलेटर गायला लागला. खरंच, गुंऽऽ असा एकसारखा आवाज, फळीला हात लावला तर मुंग्या आल्यासारखी थरथर, यू पाइपमधल्या पाण्याचा माथा पुसट दिसतोय. बोटानं मोठं भोक अर्धं झाकलं की आवाज बंद, बोट काढलं की कधी कधी परत सुरू. बारीक भोकातनं हवेला आत-बाहेर जायला वेळ लागतो म्हणून पडद्याच्या उड्यांना लगाम बसतो, मोटरसायकलच्या शॉकअपमध्ये तेल बारीक वाटेनं जातं तसं.

लेक आली होती, तिनं पंधरा-वीस वेळा बोट लावून काढून बघितलं. मी थांबवलं नाही.

२८ जुलै, रविवार

आठवडाभर पाऊस, नदी चढलेली, शाळेला सुट्टी. दोन दिवस शॉपला जाता आलं नाही.

आज मातीनं बुजलेला दुसरा रेग्युलेटर लावला. मातीतनं थोडी हवा झिरपत होती म्हणून वरून एम-सील लावून भोक पूर्ण बंद केलं. एक जेट चालू, ३०५ च्या आसपास बसला होता. जेट बंद केला तर ३३८ ला थांबायच्या ऐवजी ५०० च्या वर गेला. पडद्याला वर जायचंय पण वर हवा कोंडलेली, ती दाबल्याशिवाय जाता येत नाही.

मग गरम पाण्यात पिळलेला नॅपकिन टोपीवर ठेवला. जेट परत चालू केलेला, म्हणजे हवा वाहतेय, नॉबला हात नाही, एफआरएलला हात नाही. पाणी चढायला लागलं. ३५०, ४००, ४६०, दोन-तीन मिनिटांत ५७०. आम्ही तिघं नुसते बघत उभे. मग गार पाण्याचा नॅपकिन ठेवला तर उतरत उतरत २०० च्या खाली.

हिशोब सोपा आहे. कोंडलेल्या हवेचा दाब साधारण १० मीटर पाण्याएवढा, तापमान केल्व्हिनमध्ये ३०० च्या आसपास, म्हणजे एका अंशाला १० मीटरचा तीनशेवा भाग, ३३ मिमी. आठ अंश वाढले की २६५ मिमीची भर, म्हणजे एकूण घरातल्या दाबाच्या जवळजवळ दुप्पट. भोक बंद झालं की तो रेग्युलेटर राहत नाही, थर्मामीटर होतो, आणि त्याच्या पुढं शेगडी जोडलेली असते. ज्या घरातनं हा रेग्युलेटर आला तिथं दुपारी उन्हात सिलेंडर तापत असेल तेव्हा ज्योत कशी येत असेल, याचा विचार करून मला बरं वाटलं नाही.

४ ऑगस्ट, रविवार

पुण्याला बहिणीकडं गेलो होतो. तिच्याकडं पाइपचा गॅस आहे. जिन्याखाली आणि मीटरजवळ आता माझी नजर पहिल्यांदा रेग्युलेटरवर. रस्त्याखालच्या पिवळ्या पाइपात ४ बार, इमारतीशी १०० मिलिबार, घरात मीटरपाशी २१ मिलिबार, म्हणजे टप्प्याटप्प्यानं उतरवत आणलेला, मेव्हण्याच्या टू-स्टेजचाच मोठा भाऊ. २१ मिलिबार म्हणजे २१४ मिमी पाणी, सिलेंडरच्या गॅसपेक्षा कमी, शिवाय या गॅसमध्ये तेवढ्याच घनफळात उष्णताही कमी, म्हणून शेगडीचे जेट बदलून मोठ्या भोकाचे घालावे लागतात. बहीण म्हणाली तो माणूस जेट काढून घेऊन गेला तेव्हा मला वाटलं उगाच पैसे लावतोय.

परत येताना एसटीत लेकीला एमिल गान्याँबद्दल सांगितलं. फ्रान्सचा इंजिनिअर, दुसऱ्या महायुद्धात पेट्रोल मिळेना म्हणून गाड्या गॅसवर चालवायला त्यानं छोटा रेग्युलेटर केला होता, आणि १९४३ मध्ये जाक कूस्तोबरोबर तोच पाण्याखाली श्वास घ्यायला वापरला. पडदा तोच, फक्त वरच्या भोकातनं हवेच्या ऐवजी समुद्राचं पाणी येतं. दहा मीटर खाली गेलं की एक वातावरण दाब वाढतो, पडद्याला तो आपोआप कळतो आणि तेवढ्याच दाबाची हवा तोंडात येते. ती म्हणाली म्हणजे तिथं भोक बुजलं तर माणूसच संपला. हो म्हणलं.

११ ऑगस्ट, रविवार

काल फळी शाळेत नेली. कापलेला रेग्युलेटर खाली, चालू रेग्युलेटर मधे, दोन मीटरचा लाल पाण्याचा पाइप, मागं मेव्हण्याचा छोटा कॉम्प्रेसर. नॅपकिनचा प्रयोग तीन वेळा करावा लागला.

दोन मुलींनी आज घरी बघून सांगितलं. एकीच्या घरी रेग्युलेटरवर तेल उडू नये म्हणून प्लास्टिकची पिशवी रबर लावून घट्ट बांधलेली, ती काढली. दुसरीच्या घरी भोकात मळ आणि पीठ घट्ट बसलंय, तिचा दादा टाचणी घालणार होता. टाचणी अजिबात नको, खाली लगेच पातळ पडदा आहे, भोक पडलं तर गॅस खरोखरच तिथनं बाहेर येईल. तिच्या वडिलांना फोन करून एजन्सीतनं बदलून घ्यायला सांगितलं, ते उद्या जातायत.

पुढचं काम: कुकरची शिट्टी याच फळीवर. तिथं पडदा नाही, स्प्रिंग नाही, नुसतं वजन. जुन्या झाकणाची नळी काढून ठेवलीय, भोक ३ मिमी, शिट्टी वाण्याच्या काट्यावर ७४ ग्रॅम भरली. भागाकार केला तर १.०५ किलोला उचलली पाहिजे. पुढच्या रविवारी हवा देऊन बघतो.